घरी बांधलेली गाडी आणि सेन्सरचे कोड: कोकणातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत अनेकांनी घरामागच्या शेडमध्ये पाइप वाकवून, वेल्डिंग करून, भंगारातलं इंजिन बसवून बग्गी किंवा जीप उभी केली आहे. इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तो दिवस विसरता येत नाही. मग आठवडाभरात पिवळा दिवा लागतो आणि प्रश्न सुरू होतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. स्कॅनर म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. त्यावर कोडचं पहिलं अक्षर इंग्रजीत दिसतं, इथे ते 'पी' किंवा 'यू' असं लिहिलं आहे.

१. पिवळा इंजिन दिवा लागला. गाडी चालवू की जागेवरच उभी करू?

दिवा स्थिर असेल, आवाज नेहमीचा असेल आणि टेंपरेचर काटा जागेवर असेल, तर हळूहळू घरी या. दिवा लुकलुकत असेल तर थांबा. त्याचा अर्थ इंजिन जोरात मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. कन्व्हर्टर लालभडक तापतो, आणि घरी बांधलेल्या गाडीत त्याच्या वर अनेकदा उष्णतारोधक पत्राही नसतो. ऑइलचा लाल दिवा ही वेगळी गोष्ट आहे. तो लागला तर त्याच क्षणी इंजिन बंद करा.

२. पी०११८ आला म्हणजे कुलंट टेंपरेचर सेन्सर गेला, असंच ना?

नाही. बाकी काही वाचलं नाही तरी एवढं लक्षात ठेवा. कोड भागाचं नाव सांगत नाही, सर्किटचं सांगतो. पी०११८ चा अर्थ इतकाच की त्या सेन्सरच्या वायरवर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, अपेक्षेपेक्षा जास्त व्होल्टेज दिसतंय. सेन्सर तुटला, कपलर सुटला, वायर कुरतडली किंवा सेन्सरची अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वायर) गेली, चारही वेळा कोड तोच येतो.

माझ्या गाडीत हाच कोड होता. मी एक सेन्सर घेतला, मग 'डुप्लिकेट निघाला असेल' म्हणून दुसरा घेतला. दोष होता सेन्सरच्या अर्थ वायरच्या क्रिंपमध्ये, म्हणजे पिन वायरवर दाबून बसवतात तिथे. बाहेरून ती ठणठणीत दिसत होती, आवरण सोलल्यावर आत हिरवी पूड निघाली. दोन सेन्सरांच्या पैशांत चांगला मल्टिमीटर आला असता. म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी मीटर घ्यायला सांगतो.

कोडची रचना सोपी आहे. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, 'यू' म्हणजे कंट्रोलरांमधला संपर्क. पहिला आकडा ० असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, १ असेल तर कंपनीचा स्वतःचा. त्यापुढचा आकडा १ किंवा २ असेल तर इंधन-हवा, ३ असेल तर इग्निशन आणि मिसिंग, ४ असेल तर धूर-नियंत्रण, ५ असेल तर वेग आणि आयडलिंग.

३. माझं इंजिन जुन्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरच्या) गाडीचं आहे. मोबाइलला जोडायचा स्कॅनर चालेल का?

बहुधा नाही. आपल्याकडे चारचाकींना ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवायची पद्धत, टप्प्याटप्प्याने आलं. बीएस-४ या प्रदूषण-नियमांतल्या गाड्यांना पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्याआधीच्या बऱ्याच इंजिनांचे ईसीयू कंपनीच्याच भाषेत बोलतात. मारुतीच्या जुन्या एमपीएफआय गाड्यांत डायग्नोसिस टर्मिनल अर्थला जोडलं की इंजिन दिवा लुकलुकून कोड सांगतो. एक लुकलुक, विराम, दोन लुकलुकी म्हणजे १२, आणि १२ म्हणजे सगळं ठीक. कुठली पिन जोडायची ते त्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्येच पाहा, अंदाजाने पिना जोडू नका. नव्या इंजिनाला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर सुरुवातीला पुरतो. फक्त तो नुसते कोड न दाखवता लाइव्ह डेटाही (सेन्सरांचे त्या क्षणीचे आकडे) दाखवतो याची खात्री करून घ्या.

४. स्कॅनर लावला, लाइट लागते, पण ईसीयूशी लिंक होत नाही.

सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये १६ नंबरला कायम बॅटरी प्लस, ४ आणि ५ ला अर्थ हवी. स्कॅनरची लाइट लागली म्हणजे एवढं मिळतंय. आता संपर्काच्या वायरी पाहा. जुन्या पद्धतीत ७ नंबरची के-लाइन असते, नव्यात ६ आणि १४ वर कॅनची जोडी, म्हणजे कंट्रोलरांनी एकमेकांशी बोलायच्या दोन वायरी.

कॅनच्या बाबतीत घरी बांधणाऱ्यांची एक ठरलेली अडचण असते. कॅनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लागतो. एक बहुधा ईसीयूत असतो, दुसरा अनेक गाड्यांत मीटर कन्सोलमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या कंट्रोलरमध्ये. आपण मूळ कन्सोल काढून गोल घड्याळं लावतो आणि रेझिस्टरही त्याच्याबरोबर जातो. बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आले तर ठीक. १२० आले तर एक टोक हरवलंय, तिथे १२० ओहमचा रेझिस्टर लावा. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात.

५. कोड आला की आधी पुसून बघतो, परत आला तरच शोधतो. चालेल?

आधी लिहून घ्या, मग पुसा. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, टेंपरेचर किती, लोड किती होता याची नोंद ईसीयू ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही जाते, आणि बहुतेक ईसीयूंत शिकून ठेवलेली इंधनाच्या प्रमाणातली दुरुस्तीही जाते. फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. पुसल्यावर कोड चावी फिरवताच परत आला तर दोष कायमचा आहे, म्हणजे वायर तुटली किंवा शॉर्ट झाली. दहा-वीस किलोमीटरने आला तर उष्णता, हादरा किंवा ओल यांपैकी काहीतरी आहे.

६. सेन्सर खराब की वायर, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

दोन वायरींचे सेन्सर, म्हणजे कुलंट टेंपरेचर आणि आत येणाऱ्या हवेचं टेंपरेचर, यांच्यासाठी एक खात्रीची पद्धत आहे. स्कॅनर लाइव्ह डेटावर ठेवा, चावी ऑन, इंजिन बंद.

कपलर काढा. आकडा उणे ४० अंशांच्या आसपास गेला पाहिजे. कोकणात उणे ४० कधीच नसतं, त्यामुळे हा आकडा न काढताच दिसत असेल तर सर्किट कुठेतरी तुटलंय हे लगेच कळतं. आता कपलरच्या वायरिंगकडच्या दोन पिना छोट्या वायरने एकमेकींना जोडा. आकडा उडी मारून १२० च्या वर गेला तर वायरी आणि ईसीयू दोन्ही शाबूत आहेत, दोष सेन्सरचा किंवा पिनांच्या ढिल्या पकडीचा. आकडा हलला नाही तर सिग्नलची पिन थेट इंजिनच्या अर्थला टेकवा. आता हलला? मग सिग्नलची वायर चांगली आहे आणि सेन्सरची अर्थ तुटली आहे. माझा दोष असाच सापडला.

सेन्सर काढून ओहमही मोजता येतात. बऱ्याच कुलंट सेन्सरांत २५ अंशांना २ ते ३ हजार ओहम, ८० अंशांच्या गरम पाण्यात ३०० च्या आसपास येतात. पाणी तापताना आकडा सलग उतरला पाहिजे, मध्येच उड्या मारायला नकोत.

तीन वायरींच्या सेन्सरला, म्हणजे मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) किंवा थ्रॉटल पोझिशनला, ही शॉर्ट करायची पद्धत वापरू नका. तिथे ५ व्होल्टची वायर असते. मीटरने ५ व्होल्ट येतात का आणि अर्थ चांगली आहे का ते पाहा. मग थ्रॉटल हाताने हळू उघडत सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत सरळ चढतो का ते पाहा.

७. एकाच वेळी चार-पाच सेन्सरांचे कोड आले. सगळेच कसे गेले?

सगळे गेलेले नसतात. तीन ठिकाणं पाहा. पहिलं ५ व्होल्टची सामायिक लाइन. एका सेन्सरने ती अर्थला ओढली की त्या लाइनवरचे सगळे बोंबलतात. एकेक कपलर काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तिथे दोष. दुसरं बॅटरी. स्टार्टर मारताना व्होल्टेज ९ च्या खाली जात असेल तर कोडांवर विश्वास ठेवू नका, आधी चार्ज करा. तिसरं आणि घरच्या गाडीत सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण पुढच्या उत्तरात आहे.

८. अर्थ तर चासीला बोल्टने घट्ट लावली आहे. मग 'अर्थ बघा' असं सगळे का सांगतात?

बोल्ट घट्ट असतो, पण रंगावर. आपण चासीला प्राइमर आणि रंगाचे दोन हात देतो, काही जण पावडर कोटिंग करतात, आणि मग त्यावरच अर्थची रिंग आवळतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, म्हणजे तेही चासीपासून तुटलेलं. स्टार्टरचा करंट मग क्लच केबल किंवा ॲक्सिलरेटर केबलमधून वाट काढतो. केबल गरम लागली तर हेच समजा.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा, क्लँपवर नको. दुसरा इंजिनच्या ब्लॉकवर. कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कमजोर आहे. तसंच इंजिन चालू असताना सेन्सरच्या अर्थ पिनवर ०.१ पेक्षा जास्त दिसता कामा नये.

बॅटरीपासून थेट इंजिनला एक जाड पट्टी, इंजिनपासून चासीला दुसरी. रिंगखालचा रंग चकचकीत लोखंडापर्यंत खरवडा, आवळा आणि मग वरून रंग किंवा ग्रीस द्या. सेन्सरांची अर्थ मात्र चासीला लावू नका. ती ईसीयूच्या ठरलेल्या पिनलाच परत गेली पाहिजे.

९. आमचं घर किनाऱ्यापासून दोन मिनिटांवर. दर दोन-तीन महिन्यांनी कपलर हिरवे होतात आणि नवा कोड येतो. काय करू?

कोकणातल्या बहुतेक कोडांचं मूळ हेच आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. आपल्याकडे वर्षातले कितीतरी दिवस आर्द्रता त्याच्या वर असते. म्हणजे खाऱ्या वाऱ्याने पिनांवर बसलेलं मीठ कोरडं राहतच नाही, त्याचं खारं पाणी होतं. पाऊस नको, गाडी धुवायला नको. त्यात पिनांवर करंट असतो, त्यामुळे तांबं आणखी झपाट्याने खाल्लं जातं. वर हे पाणी वायरच्या बारीक तारांमधून आवरणाच्या आत चढतं. म्हणून कपलर साफ करून उपयोग होत नाही. चार बोटं वर वायर आतून काळी पडलेली असते.

नवं वायरिंग करणार असाल तर बोटींसाठी मिळते ती कल्हई केलेली तांब्याची वायर घ्या. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई का करतात ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे, वायरीचंही तसंच. क्रिंप चांगल्या पकडीने करा आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक चढवा. कपलर सीलबंद घ्या, प्रत्येक वायरीला रबरी बूच असलेला. न वापरलेल्या भोकांतही बूच बसवा.

कपलर जोडताना पिनांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. बॅटरीच्या टर्मिनलला लावतो ती पेट्रोलियम जेली इथे नको, तिने रबरी सील फुगतात. हार्डवेअरच्या दुकानातला व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारा सिलिकॉन सीलंट तर अजिबात नको. त्यातलं आम्ल तांबं खातं आणि त्याची वाफ इंजिनात गेली तर ऑक्सिजन सेन्सर कायमचा निकामी होतो. मिस्त्री कौतुकाने तोच भरून देतात, त्यांना नम्रपणे थांबवा.

जुनं वायरिंग असेल तर हिरवी पिन दिसली की वायर तांबूस, चमकदार तांबं लागेपर्यंत मागे कापा आणि नवा तुकडा जोडा. कितीही साफ केली तरी काळी वायर पुन्हा गोरी होत नाही.

१०. कोड फक्त पावसात येतो. ऊन पडलं की गायब.

ऊन पडलं म्हणून सोडून देऊ नका, पुढच्या सरीला तो परत येणार. किनारपट्टीवर जून ते सप्टेंबरात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आपल्या बऱ्याच गाड्यांना धड बॉनेटही नसतं. अंधारात इंजिन चालू ठेवून फवाऱ्याने एकेका भागावर थोडं गोडं पाणी मारा. आधी इग्निशन कॉइल, मग कॅम आणि क्रँक सेन्सर (इंजिन फिरताना कुठे आहे ते सांगणारे), मग ईसीयूचा कपलर. जिथे मारल्यावर इंजिन अडखळतं तिथेच दोष. कॉइलजवळ निळसर ठिणगी दिसली तर उत्तर डोळ्यांसमोर आहे. हात मात्र लांब ठेवा.

घराच्या पागोळीचं पाणी जसं कडेवरून खाली ओघळतं तसंच ते वायरीवरूनही ओघळतं. कपलरमध्ये शिरण्याआधी वायरीला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळातून टपकून जाईल. ईसीयू शक्यतो सीटखाली नको, डॅशच्या मागे उंचावर, कपलरचं तोंड खाली करून बसवा.

११. इंजिन गरम झालं की बंद पडतं, अर्ध्या तासाने सुरू होतं. कोड पी०३३५.

हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड आहे आणि गरम झाल्यावर सेन्सर खरोखर जाणं इथे शक्य असतं. बंद पडलं की लगेच स्टार्टर मारत लाइव्ह डेटातला आरपीएम पाहा. शून्यच राहिला तर सिग्नल येत नाही. दोन वायरींचा सेन्सर थंड आणि गरम असताना ओहममध्ये मोजा. गरम असताना ओहम अमर्याद झाले तर सेन्सर बदला.

घरी बांधलेल्या गाडीत आणखी दोन शक्यता असतात. गिअरबॉक्स दुसरा बसवताना फ्लायव्हील बदललं असेल तर दातांची चकती ईसीयूला हवी ती आहे का ते पाहा. चुकीच्या दातांवर इंजिन फार तर अडखळत फुटफुटेल. दुसरी म्हणजे सेन्सर आणि दातांमधली फट. बऱ्याच इंजिनांत ती एक मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. सेन्सरची वायर प्लगच्या वायरींपासून दूर न्या. तिचं जाळीचं आवरण एकाच टोकाला अर्थ करा.

१२. पी०१७१, लीन मिक्श्चर (हवा जास्त, पेट्रोल कमी). इंजेक्टर साफ केले, पंप बदलला, तरी तेच.

सायलेन्सर घरीच वेल्ड केलाय का? मग मॅनिफोल्डपासून ऑक्सिजन सेन्सरपर्यंतचा प्रत्येक सांधा तपासा. एक्झॉस्ट झटक्याझटक्याने वाहतो, दोन झटक्यांच्या मध्ये बारीक भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तीच हवा दिसते आणि ईसीयू समजतो पेट्रोल कमी पडतंय. थंड इंजिन सुरू करून सांध्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की सापडलं.

पेट्रोलचाही वाटा आहे. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला साधारण १३.५. जुन्या इंजिनाच्या इंधन-दुरुस्तीचा आकडा त्यामुळे काही टक्के अधिककडे सरकतो. एवढ्याने एकट्याने कोड येत नाही, पण आधीच काठावर असलेली गाडी पलीकडे जाते.

१३. पी०५००, पी०४२०, यू०१२१. माझ्या गाडीत ते भागच नाहीत. रेझिस्टर लावून फसवू का?

तिन्हींचं उत्तर वेगळं आहे. पी०५०० वेगाचा सेन्सर. तो बसवाच, कारण थांबताना आयडलिंग सांभाळायला ईसीयू वेग बघतो, तो नसेल तर थांबताना गाडी बंद पडू शकते. यू०१२१ म्हणजे एबीएसशी (ब्रेकच्या कंट्रोलरशी) संपर्क नाही. एबीएस नसेल तर कोड राहणारच, पण तुमच्या इंजिनाला वेगाचा आकडा एबीएसकडूनच मिळत होता का ते आधी तपासा. पी०४२० कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. इथे खोटा सिग्नल देऊ नका, कन्व्हर्टर बसवा. आपण ज्या वाडीत गाडी फिरवतो तिथेच आपली मुलं खेळतात.

१४. मॅप सेन्सर बरोबर दाखवतोय हे कशावरून ठरवू?

किनाऱ्यावर राहत असाल तर हे सर्वांत सोपं. चावी ऑन, इंजिन बंद: आकडा १०० ते १०१ किलोपास्कल हवा, कारण तुम्ही समुद्रसपाटीवर आहात. ९० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची अर्थ चुकते आहे. आयडलिंगला बऱ्याच इंजिनांत तो ३० ते ४५ च्या दरम्यान येतो. आंबोलीला, म्हणजे ६९० मीटरवर गेलात तर इंजिन बंद असताना ९३ च्या आसपास दिसेल. तो दोष नाही.

१५. पेडल दाबलं तरी आरपीएम १५०० च्या वर जात नाही. पी२१३८.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि त्यांचं एकमेकांशी ठरलेलं प्रमाण असतं. ते जुळलं नाही की ईसीयू सुरक्षेसाठी इंजिनाला लगाम घालतो. पेडल दुसऱ्या गाडीचं लावलंय का? मूळ गाडीचंच हवं. मूळचंच असेल तर उत्तर ६ आणि ९ प्रमाणे कपलर तपासा. हा कोड कधीही फसवून पुढे जाऊ नका, मोकाट सुटलेलं थ्रॉटल जिवावर बेततं.

१६. पुरातल्या गाडीचं इंजिन आणि वायरिंग स्वस्तात मिळतंय. घेऊ?

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या, महाडलाही त्याच सुमारास. अशा गाड्यांची इंजिनं नीट उघडून साफ केली तर चालतात. वायरिंग आणि ईसीयू घेऊ नका. ओळखायचं असेल तर कपलर उघडून रबरी बुचामागे बारीक गाळ आहे का पाहा. वरून धुतलेला माल तिथे पकडला जातो. आणि कुठल्याही गाडीचं इंजिन घेताना त्याच गाडीचा ईसीयू, चावी, इमोबिलायझर (चावी ओळखणारा चोरीविरोधी भाग) आणि पेडल एकत्र घ्या.

१७. चासीला नंतर एक ब्रॅकेट वेल्ड केला, तेव्हापासून कोड सुरू झाले.

बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूचा कपलर काढल्याशिवाय आर्क वेल्डिंग करू नका, आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या अगदी जवळ लावा. आता झालंच असेल तर आधी वितळलेल्या वायरी आणि फ्यूज पाहा, मग उत्तर ७.

१८. स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्ट (मूळ ईसीयूऐवजी स्वतः बसवायचे ईसीयू) लावला तर कोडांची कटकट संपेल का?

दिवा संपेल, दोष नाही. असे ईसीयू बिघाडाची नोंद मूळ ईसीयूइतकी ठेवत नाहीत, त्यामुळे लॉग फाइल वाचायची सवय लावावी लागते. अर्थ आणि खारी हवा त्यांनाही तशीच बाधते.

१९. ही गाडी रस्त्यावर चालवता येईल का?

स्वतः बांधलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायला केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे अधिकृत संस्थेची चाचणी लागते. पुण्याची एआरएआय ही त्यांपैकी एक. नोंदणी झालेल्या गाडीत बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं. आपल्यातले बहुतेक जण गाडी स्वतःच्या बागेत, वाडीत किंवा आवारातच चालवतात, तेच ठीक.

२०. कोड एकही नाही, तरी गाडी झटके देते.

ईसीयूला दिसेल तेवढ्याचाच तो कोड देतो. इंधनाचा दाब, तुंबलेला फिल्टर, ढिला व्हॅक्यूम पाइप, टाकीतलं पाणी हे त्याला थेट दिसत नाही. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीत इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी घेतं आणि ते पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा आणि तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा. थर नसेल तर इंजिन चालू ठेवून वायरिंगचा प्रत्येक वितीएवढा भाग हाताने हलवत जा. कुरतडलेल्या जागाही अशाच सापडतात. माडाखाली उभ्या असलेल्या गाडीच्या वायरिंगमध्ये उंदीर बिऱ्हाड करतात, म्हणून एअर फिल्टरचा डबाही उघडून बघा.